गीत : पारंपरिक

मागच्या लग्नसराईत आमच्या सोलापुरात जोडभावी पेठेत एका हळदीला गेलो होतो. डीजेवाल्यानं एक गाणं लावलं आणि सगळी पोरं, काकवा, मावश्या, नवरीची आज्जीसुद्धा उठून नाचायला लागली. माझ्या शेजारी माझा मित्र हातात जिलबीची प्लेट घेऊन उभा होता आणि हसत होता, काही बोलत नव्हता. मी म्हटलं काय बे, तुझंच गाणं ना हे, नाच की. तो म्हणला माझं कसलं, बघ यूट्यूबवर कुणाचंय ते. तिथल्या तिथं मोबाईल काढून बघितलं. गायकाचं नाव, संगीताचं नाव, कॅमेरा कुणाचा, ड्रोन कुणाचा, मेकप कुणाचा, शूटिंगला गाडी दिली त्या भावाचं पण नाव आणि त्याखाली एक ओळ, गीत : पारंपरिक.

म्हणजे माणूस अडतीस वर्षांचा, जिता-जागता, हातात जिलबी, आणि तो पारंपरिक झाला.

हा मित्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला आहे. गाणी त्याला मागाच्या खटखटीतच सुचतात म्हणतो, कारण ठेका आयता मिळतो, आणि आवाज एवढा असतो की आपण मोठ्यानं म्हणून बघितलं तरी कुणाला ऐकू जात नाही. हे गाणं त्यानं साडेतीन हजाराला दिलं. कागद नाही, सही नाही, चॅनलवाल्यानं फोनपे केले आणि एक व्हॉइस मेसेज पाठवला की भाऊ आपला हिशोब क्लिअर. चॅनलचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण हा एका चॅनलचा प्रश्न नाहीच, ही आपल्याकडची रीतच होऊन बसलीय आणि त्याबद्दलच मला बोलायचंय.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी एका माणसाबद्दल वाचत होतो, बेरी गॉर्डी. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा, जन्म १९२९ चा. मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी काढणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखतं, पण तो आधी गाणी लिहिणारा होता आणि त्याच्या सगळ्या करिअरची किल्ली तिथंच आहे असं माझं मत झालंय. शाळा अर्धवट सोडली, बॉक्सिंग केलं, मिलिटरीत जाऊन आला, मग रेकॉर्डचं दुकान टाकलं. दुकानात ठेवली जॅझ, कारण साहेबांना जॅझ आवडायचं, आणि गल्लीतलं गिऱ्हाईक मागायचं ब्लूज. दुकान बुडालं. आपल्याकडं नव्या पेठेत असं स्वतःच्या आवडीचा माल भरून बसलेले आणि दोन वर्षांत शटर ओढलेले किती दाखवू तुम्हाला. मग पोट भरायला फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर लागला आणि तिथं हात चालू असताना डोक्यात गाणी जुळवायचा. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा माझा मागावाला दोस्तच आठवला. कारखान्यात हात अडकलेला असतो पण डोकं मोकळं असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं.

पुढं त्यानं बहिणीबरोबर आणि आणखी एका दोस्ताबरोबर मिळून जॅकी विल्सन नावाच्या गायकासाठी गाणी लिहिली. १९५७-५८ च्या आसपासची ही गाणी तुफान चालली. आणि इथं त्याला पहिला धडा मिळाला, की गाणं गाजणं वेगळं आणि गाण्याचे पैसे हातात येणं वेगळं. त्या काळी रेकॉर्डला दोन बाजू, एका बाजूला हिट गाणं आणि मागच्या बाजूला कुठलं तरी भरतीचं. पण रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंच्या लेखकाला सारखेच पैसे. म्हणून हा म्हणला दोन्ही बाजूंना आमचीच गाणी घ्या, हिट आम्ही देतोय तर भरतीचे पैसे दुसऱ्याला का. विल्सनचा मॅनेजर नाही म्हणला, आणि हे लोक बाहेर पडले.

मग १९५९ च्या जानेवारीत घरच्यांच्या भिशीसारख्या फंडातून त्यानं ८०० डॉलर उसने घेतले. आणि घरच्यांनी भाऊ आहे म्हणून असेच दिले नाहीत, लिहून घेतलं. वेस्ट ग्रँड बुलेवार्ड या रस्त्यावर एक साधं घर घेतलं, त्यात स्टुडिओ केला, बाहेर बोर्ड लावला हिट्सव्हिल यूएसए. गाणी बनवायची पद्धत सरळ कारखान्याची. एकानं लिहायचं, एकानं चाल, ठरलेले वादक, आणि मग मीटिंगमधे मतदान, हे गाणं बाजारात सोडायचं का नाही. त्या मीटिंगमधला प्रश्न प्रसिद्ध आहे, खिशात शेवटचा एक डॉलर उरला असेल तर हे गाणं घ्याल का सँडविच घ्याल?

ही मीटिंग वाचताना मला आमची आई आठवली. आई विड्या वळायची, आमच्या गल्लीत निम्म्या घरांत सूप मांडीवर असायचं. कारखान्यातनं पाला-तंबाखू आणायची, हजार विड्या वळून न्यायच्या, आणि तिथं तपासणारा माणूस मूठभर बाजूला काढणार, ही छाट. छाट काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पण त्या विड्या परत पण मिळायच्या नाहीत हो! आई घरी येऊन एवढंच म्हणायची, वाईट होत्या तर दे की माघारी. वाईट म्हणून पैसे कापायचे आणि माल मात्र ठेवून घ्यायचा, हा हिशोब मला लहानपणी पण कळला नव्हता आणि आज गाण्यांच्या धंद्यात तोच हिशोब बघतोय. तुझं गाणं काय विशेष नाही, साडेतीन घे. विशेष नाही तर कायमचं कशाला घेतोस मग?

तर गॉर्डीनं खरी हुशारी कुठं केली सांगतो. रेकॉर्ड कंपनीच्या जोडीला त्यानं दुसरी कंपनी काढली होती, जोबेटे नावाची, पोरांच्या नावांची अक्षरं जुळवून, जॉय, बेरी, टेरी. ही कंपनी रेकॉर्ड विकत नव्हती. तिच्याकडं फक्त गाण्यांचे हक्क. म्हणजे शब्द आणि चाल. आवाज कुणाचा का असेना, उद्या दुसऱ्या कुणी तेच गाणं परत गायलं, पिक्चरमधे घेतलं, जाहिरातीत वाजवलं तरी पैसे शब्द-चालीच्या मालकाला जाणार. आता आकडे बघा. १९८८ मधे त्यानं मोटाऊन ही जगप्रसिद्ध रेकॉर्ड कंपनी विकली ६ कोटी १० लाख डॉलरला. आणि १९९७ मधे जोबेटेचा फक्त अर्धा हिस्सा विकला १३ कोटी २० लाख डॉलरला. अर्धा! उरलेला अर्धा २००३-०४ मधे दोन टप्प्यांत गेला तो वेगळाच. सगळे मिळून गाण्यांच्या वहीचे ३२ कोटी डॉलर झाले, कंपनीच्या पाचपट. मधे काही वर्षांचं अंतर आहे, भाव वाढतात, सगळं मान्य, तरी पाचपट म्हणजे पाचपट. कंपनी, बोर्ड, ऑफिस, स्टार लोक एका बाजूला आणि वही एका बाजूला ठेवली तर काटा वहीकडं झुकला.

आपल्याकडं गायकाचं नाव घराघरात आणि वहीवाला कुठं तरी कोपऱ्यात. साधी परीक्षा घेऊ. 'पाऊले चालती पंढरीची वाट' कुणाचं? सगळे एका सुरात सांगणार प्रल्हाद शिंदेंचं. बरोबर आहे, तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही, आणि त्यात ते आपल्या मंगळवेढ्याचे म्हणून आपल्याला जरा जास्तच अभिमान. पण लिहिलं कुणी? दत्ता पाटलांनी. आषाढीला सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हे गाणं वाजतं आणि मी स्वतः चाळिशी गाठेपर्यंत मला लिहिणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. दुसरं, भाऊबीजेला टीव्हीवर, रेडिओवर, आता रील्सवर हमखास येणारं 'सोनियाच्या ताटी', ते आपल्या सोलापूरच्या कवी संजीवांचं. पार्क चौकात उभं राहून दहा जणांना विचारा, किती जण सांगतात बघू. सांगणारा एक जरी भेटला तरी त्याला माझ्याकडनं चहा.

तरी या लोकांचं नाव कुठं तरी नोंदलेलं तरी आहे. आजच्या पोरांचं तेवढंही नाही, ते थेट पारंपरिक होतात. आणि चॅनलवाला पारंपरिक का लिहितो हे पण समजून घ्या, त्यात आळस कमी आणि डोकं जास्त आहे. पारंपरिक म्हटलं की मालक नाही, मालक नाही म्हटलं की वाटा नाही.

आता कुणी म्हणेल गॉर्डी म्हणजे लेखकांचा देवच झाला की तुमचा. नाही हो. इथंच तर गंमत आहे. जो माणूस स्वतः लेखक म्हणून पोळला, त्यानं मालक झाल्यावर काय केलं? हॉलंड, डोझियर, हॉलंड हे तिघं त्याचे सगळ्यात मोठे हिट देणारे गीतकार-संगीतकार. पैशावरनं वाद झाला, काम थांबलं, १९६८ मधे कंपनीनं त्यांच्यावर ४० लाख डॉलरचा दावा ठोकला आणि त्यांनी उलट २ कोटी २० लाखांचा. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. ज्या वादकांनी ते सगळं संगीत वाजवलं, फंक ब्रदर्स, त्यांची नावं कितीतरी वर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर नव्हतीच, १९७१ मधे एका अल्बमवर पहिल्यांदा नीट आली.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट 'मनी' या गाण्याची. १९५९ चं गाणं, कंपनीचं सुरुवातीचं मोठं यश, पुढं बीटल्सनी पण गायलं. गाणारा पोरगा बॅरेट स्ट्राँग. सरकारी कॉपीराइट ऑफिसात सुरुवातीला गीतकारांमधे त्याचं पण नाव होतं, १९६२ मधे ते काढलं गेलं, १९८७ मधे परत आलं आणि पुढच्या वर्षी परत खोडलं गेलं. त्याला हे कैक वर्षं माहीतच नव्हतं! न्यूयॉर्क टाइम्सनं २०१३ मधे ही बातमी केली. गॉर्डीच्या बाजूचं म्हणणं की आधी नाव लागलं तीच कारकुनी चूक होती, आणि खरं काय ते त्या खोलीत बसलेल्या लोकांनाच माहीत, मी इथं सोलापुरात बसून निकाल देणार नाही. गाण्याचं नावच मनी, म्हणजे पैसा, आणि ज्यानं ते गायलं तो म्हणतोय मला लिहिल्याचा पैसाच मिळाला नाही. स्ट्राँग २०२३ मधे गेला.

म्हणून मला जे लोक म्हणतात ना की आपल्या सोलापूरचं आपलं लेबल पाहिजे, आपला माणूस मालक पाहिजे, मुंबई-पुण्यावाले लुटतात, त्यांचं मला अर्धंच पटतं. आपला माणूस मालक झाला म्हणून लेखकाचं भलं होतंच असं काही नाही. माझ्या मित्राला साडेतीन हजारात गुंडाळणारा आपलाच होता, आपल्याच भाषेत भाऊ भाऊ करत होता. मालक चांगला का वाईट हा प्रश्नच बाजूला ठेवा, कागद काय म्हणतो ते बघा. गॉर्डीला घरच्यांनी ८०० डॉलर देताना लिहून घेतलं आणि आपण आपली गाणी देताना भावावर विश्वास म्हणून सोडून देतो.

आणि कागदाच्या बाबतीत आपला कायदा खरंच लेखकाच्या बाजूचा आहे, हे कुणी सांगतच नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मधे दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता. त्यानंतर गीतकार-संगीतकारानं हक्क विकला तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देताच येत नाही, म्हणजे तुम्ही सही करून दिली की मला काही नको तरी ती सही चालत नाही. वाटा पण सारखा. त्याच्या आधीपासून कायद्यात आहे की हस्तांतर लेखी पाहिजे आणि सही पाहिजे, तोंडी व्यवहारानं कॉपीराइट जातच नाही. कराराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात. कुठल्या देशापुरतं ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि लेखक गेल्यावर पण ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे माझ्या मित्राच्या हळदीच्या गाण्यावर त्याच्या नातवाचा पण हक्क आहे. साडेतीन हजारात नातवापर्यंतचं सगळं गेलं असं त्याला वाटत होतं आणि खरं तर काहीच गेलं नव्हतं, कारण कागदच नव्हता. त्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडं असा बघत होता जसं मी लॉटरी लागली म्हणतोय. वसूल करणं वेगळं, त्याला वकील लागतो, वेळ लागतो, मागावरचा खाडा पडतो, हे मला माहितंय. पण आपलं गेलं नाही हे माहीत असणं पण काही कमी नाही.

आता चॅनलवाल्याची बाजू. ती नाही मांडली तर मी पण छाट काढणाराच झालो. त्याचं म्हणणं असं, की मी स्टुडिओचं भाडं देतो, गायकाला देतो, शूटिंगला दोन दिवस पोरं घेऊन फिरतो, जेवण घालतो, दहा गाणी सोडतो त्यातलं एक चालतं, नऊचं नुकसान माझ्या बोडक्यावर. तेव्हा कुठला गीतकार येऊन म्हणतो का की भाऊ तुझं नुकसान झालं, माझे साडेतीन परत घे? हे खरं आहे. गॉर्डीनं पण हेच सांगितलं असतं. म्हणून मी म्हणतच नाही की त्याला काही देऊ नका. रेकॉर्डिंग त्याचं, व्हिडिओ त्याचा, त्याच्यावर तो कमवू दे, आधी खर्च निघू दे, मग वाटा दे. फक्त वही त्याची नाही. आणि नाव लिहायला तर पैसे लागत नाहीत ना, ड्रोनवाल्याचं नाव लिहिताय तर शब्दवाल्याचं का नाही?

शिवाय आपले गीतकार पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एका गल्लीत ऐकू येतं, त्यामुळं कन्नड लोकगीताची चाल उचलून त्यावर मराठी शब्द बसवायचे हा जुना उद्योग आहे. त्यातलं जे खरोखर पिढ्यानपिढ्यांचं आहे त्याला पारंपरिक म्हणाच, ते म्हणायलाच पाहिजे. पण पलीकडच्या विजापूर-गुलबर्ग्याच्या कुणा जित्या माणसाची चाल असली तर त्याचं पण नाव यायला पाहिजे. माझ्या मित्राला मी हे विचारलं तर म्हणला चाल माझीच, मागाची आहे. बरं बाबा.

लोक विचारतात, मग पैसा येणार कुठनं, लग्नात वाजलं तर कोण देतंय. तेही खरंय. लग्नाच्या वरातीला आणि धार्मिक विधीला गाणं वाजवायला कायद्यातच सूट आहे, आणि आपली गाणी तर जास्त तिथंच वाजतात. म्हणजे हळदीत आज्जी नाचली त्याचे पैसे मागायला कुणी जाऊ नये आणि जाऊ पण नका, शोभत नाही. पण यूट्यूब आहे, रील्स आहेत, कॉलर ट्यून आहे, हॉटेल आहे, तिथं पैसा फिरतो. आणि तो गोळा करून वाटायला गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सदस्य व्हायला गाण्यावर नाव लागतं मात्र. पारंपरिक या नावाच्या माणसाला चेक निघत नाही.

आपल्या चादरीचंच बघा. सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, म्हणजे नावाची मालकी कागदावर आपली आहे. तरी बाजारात पानिपतहून आलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जातेच आणि आपण चिडतो, पेपरला बातम्या येतात, निवेदनं देतात. चादरीच्या नावासाठी एवढं चिडणारं गाव आपल्याच माणसाच्या गाण्यावर पारंपरिक लिहिलेलं बघून साधं हूं का चूं करत नाही. महापालिकेनं, विद्यापीठानं, नाट्य आणि साहित्यवाल्या संस्थांनी हुतात्मा स्मृती मंदिरात सत्कार, शाल, नारळ खूप केले. एक दिवस शाल राहू द्या आणि एखादा वकील बसवून दोन तासांत फक्त एवढंच शिकवा, की गाण्याचा कागद एक पानाचा कसा करायचा. मराठीत, कन्नडमधे, तेलुगूमधे. मंगल कार्यालयाची पावती आपण तीन वेळा वाचतो, डीजेवाल्याला अ‍ॅडव्हान्स देताना लिहून घेतो, मग गाण्याचंच एवढं काय जड आहे?

मित्रानं दिवाळीनंतर नवीन गाणं लिहिलंय, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेवर. या वेळी आम्ही दोघांनी अशोक चौकात एका चहाच्या गाड्यावर बसून कागद केला. गाण्याचं नाव, पहिल्या दोन ओळी, गीतकाराचं पूर्ण नाव जसं आधारवर आहे तसं, मुदत पाच वर्षं, नाव दिसलंच पाहिजे, खर्च निघाल्यावर वाटा निम्मा. त्याचं अक्षर चांगलं म्हणून त्यानंच लिहिलं, बोटांना मागाच्या तेलाचे डाग, तर कागदाच्या कोपऱ्यावर एक काळा अंगठा उमटला. मी म्हटलं दुसरा कागद घेऊ, तो म्हणला राहू दे, सहीच समज. फोटो काढून त्याच चॅनलवाल्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. चार दिवस झाले, अजून काही उत्तर नाही.